भूल घालणारे डॉक्टर : जेम्स एस्डेल

भूल हा आपल्या मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. मांत्रिक माणसाला भूल घालतो, रानात चकवा लागला की वाटसरूला भूल पडते, आणि परळच्या के. ई. एम्. रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या टेबलावर डॉक्टर रोग्याला देतात तीही भूलच. आजचा भूलतज्ज्ञ आणि कालचा मांत्रिक यांच्यात तसे पाहिले तर काही नाते नाही. पण एक काळ असा होता की, ही दोन्ही माणसे एकाच रुग्णालयात, एकाच छपराखाली, जवळजवळ एकाच वेषात वावरत होती. तो काळ १८४५ ते १८५१ हा होय. ते ठिकाण बंगालमधील हुगळी आणि नंतर कलकत्ता. आणि ज्यांच्यामुळे हे घडले ते होते डॉ. जेम्स एस्डेल.

परळ, लालबाग, दादर या आपल्या भागात रुग्णालयांना तोटा नाही. शस्त्रक्रिया झालेल्या नातलगाला भेटायला शहाळे घेऊन जाणे हा आपल्या घरोघरच्या अनुभवाचा भाग आहे. अशा वेळी रोग्याची वेदना कमी व्हावी म्हणून कोणी अंगारा आणून देतो, कोणी लोहचुंबकाचा पट्टा आणून देतो. त्यातले खरे काय आणि खोटे काय, हे ठरवायचे कसे? एस्डेल यांचे चरित्र या प्रश्नाच्या संदर्भात वाचण्यासारखे आहे. कारण शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर चुंबकशक्तीचा उतारा करून पाहण्यापासूनच त्यांच्या कीर्तीला प्रारंभ झाला.

एस्डेल यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८०८ रोजी स्कॉटलंडमधील माँट्रोझ या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी एडिंबरो येथे घेतले आणि त्या काळच्या अनेक स्कॉटिश तरुणांप्रमाणे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरून ते बंगालमध्ये आले. बंगालची दमट हवा त्यांना मानवली नाही. काही वर्षांतच प्रकृती ढासळली आणि त्यांना दीर्घ रजा घ्यावी लागली. तांबडा समुद्र आणि इजिप्त यांच्या मार्गाने ते मायदेशी गेले व त्या प्रवासावर त्यांनी पत्ररूपाने एक पुस्तकही लिहिले. परत आल्यावर त्यांची नेमणूक हुगळीला झाली. तेथील इमामबाडा रुग्णालय आणि तुरुंगाचे रुग्णालय अशी दोन्ही कामे त्यांच्याकडे आली. हाजी मुहम्मद मोहसीन या दानशूर गृहस्थांच्या देणगीतून तेथे जे महाविद्यालय उभे राहिले होते, त्याचे प्राचार्यपदही त्यांनी काही काळ सांभाळले.

त्या काळची शस्त्रक्रिया कशी असे, याची आज आपल्याला कल्पनाही करवत नाही. भूल देण्याचे औषध नव्हते. रोग्याला दारू किंवा अफू पाजायची, चारदोन धट्टेकट्टे गडी त्याला धरून ठेवणार आणि डॉक्टर जितक्या लवकर हात चालवील तितके बरे! चांगला शल्यविशारद तो, ज्याचा हात जलद. पाय कापण्याचे काम मिनिटा-दोन मिनिटांत उरकणाऱ्यांचे कौतुक होई. रोगी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच धसक्याने दगावण्याचे प्रकार घडत. साहजिकच माणसे अगदी निरुपाय होईपर्यंत डॉक्टरकडे फिरकत नसत. बंगालच्या खालच्या भागात हत्तीरोग फार. त्यामुळे अंडकोशाची वाढ होऊन कित्येक शेर वजनाच्या गाठी घेऊन गोरगरीब माणसे वर्षानुवर्षे खुरडत जगत. त्या गाठी काढणे म्हणजे मृत्यूशी जुगार खेळणे होते.

आता ही चुंबकशक्ती कुठून आली, ते थोडक्यात पाहिले पाहिजे. फ्रांत्स अँटोन मेस्मर (१७३४ ते १८१५) या व्हिएन्नाच्या डॉक्टराने १७७४ च्या सुमारास रोग्यांच्या अंगावर लोहचुंबक ठेवून उपचार करण्यास सुरुवात केली. पुढे त्याला असे वाटू लागले की, लोखंडाच्या चुंबकाची गरजच नाही. एक सूक्ष्म द्रव सर्व सृष्टीत भरून राहिला आहे आणि वैद्याच्या हातातून तो रोग्याच्या शरीरात वाहू शकतो. या कल्पित शक्तीला त्याने प्राणिज चुंबकत्व असे नाव दिले. पॅरिसमध्ये त्याच्याभोवती अशी गर्दी लोटली की, १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे या समितीत होते. समितीने एक साधी पण विलक्षण युक्ती योजली. बागेतल्या एकाच झाडाला ही शक्ती देण्यात आली आणि एका बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून झाडाझाडापाशी नेण्यात आले. मुलगा बेशुद्ध पडला खरा, पण भलत्याच झाडाखाली! परिणाम खरा होता. पण तो चुंबकशक्तीचा नसून मुलाच्या कल्पनेचा होता, असा निष्कर्ष समितीने काढला. पुढे १७९९ साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉन हेगार्थ यांनी अशीच परीक्षा घेतली. त्या वेळी दुखणे घालवणाऱ्या धातूच्या कांड्या महागड्या दराने विकल्या जात. हेगार्थ यांनी रंग दिलेल्या लाकडी कांड्या पाच रोग्यांवर फिरवल्या आणि पाचांतल्या चौघांना आराम वाटला!

मेस्मरचे शास्त्र असे बदनाम झाले, तरी त्याची विद्या मात्र मेली नाही. लंडनमध्ये डॉ. जॉन एलिअटसन यांनी तिचा पुरस्कार केला आणि त्यापायी १८३८ साली आपली रुग्णालयातील जागा सोडली. १८४२ साली इंग्लंडमध्ये एका मजुराचा पाय मेस्मरच्या पद्धतीने झोपवून कापण्यात आला; तो ओरडला नाही. तेव्हा लंडनच्या नामांकित डॉक्टरांनी त्या मजुरालाच लबाड ठरवले. अशा वादांचे वृत्तांत वाचून एस्डेल यांना या विषयाची तोंडओळख झाली होती. प्रत्यक्ष प्रयोग मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.

४ एप्रिल १८४५ हा तो दिवस. हुगळीच्या तुरुंगातील माधव कौरा नावाचा कैदी रुग्णालयात आला होता. त्याच्या अंडकोशात दोन्ही बाजूंना पाणी झाले होते. एका बाजूचे पाणी काढून त्या काळच्या पद्धतीप्रमाणे आत दाहक औषध सोडण्यात आले. त्यानंतर तो कैदी वेदनेने अक्षरशः तडफडू लागला. त्याचे हाल पाहून एस्डेल यांच्या मनात आले की, वाचलेली ती विद्या करून तर पाहावी. त्यांनी रोग्यासमोर बसून त्याच्या चेहऱ्यावरून व छातीवरून हात फिरवण्यास आरंभ केला. बराच वेळ काही घडले नाही. पण चिकाटी न सोडता ते करीत राहिले आणि शेवटी तो कैदी गाढ झोपी गेला. एस्डेल यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यांनी जिल्ह्याचे न्यायाधीश आणि कलेक्टर यांना बोलावून घेतले. त्यांच्यादेखत रोग्याला टाचण्या टोचून पाहिल्या, निखाऱ्याचा चटका देऊन पाहिला, नाकाशी उग्र अमोनिया धरून पाहिला. कैदी हलला नाही. काही दिवसांनी दुसऱ्या बाजूची शस्त्रक्रिया अशाच झोपेत पार पडली.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. हा माणूस कैदी होता. निखाऱ्याचा चटका सोसायला तो तयार आहे का, असे त्याला कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. वैद्यकाच्या इतिहासात असे अनेक माधव कौरा होऊन गेले आहेत. डॉक्टरांची नावे ग्रंथांवर छापली गेली. ज्यांच्या अंगावर ते ग्रंथ लिहिले गेले, त्यांचे ऋण आपण फारसे आठवत नाही.

त्यानंतर एस्डेल झपाटल्यासारखे कामाला लागले. आठ महिन्यांत त्यांनी सत्तरांहून अधिक शस्त्रक्रिया या पद्धतीने केल्या आणि त्यांचा वृत्तांत १८४६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. प्रत्येक रोग्यापुढे तासन् तास हात फिरवणे एकट्या माणसाच्या प्रकृतीला झेपणारे नव्हते. म्हणून त्यांनी रुग्णालयातील तरुण हिंदू आणि मुसलमान मदतनिसांना ही विद्या शिकवली. अंधाऱ्या खोलीत रोग्याला उताणे निजवायचे. मदतनीस त्याच्या उशाशी बसून वाकणार, डोक्यापासून पोटापर्यंत हात न टेकता फिरवणार आणि मधूनमधून हलकेच फुंकर घालणार. एखादा रोगी पहिल्याच दिवशी निजे. एखाद्यासाठी आठ-दहा दिवस रोज हे करावे लागे. म्हणजे एस्डेल यांचे नाव झाले, पण प्रत्यक्ष श्रम त्या अनाम बंगाली तरुणांचे होते.

हे वर्णन वाचताना आपल्याला कशाची आठवण होते? गावाकडचा मांत्रिक मोरचेल फिरवतो, फुंकर घालतो, पाणी मंतरून देतो! एस्डेल यांच्याही हे ध्यानात आले होते. हुगळीला त्यांची एका नामांकित मांत्रिकाशी गाठ पडली. तो पाण्याचे भांडे आणि झाडाची डहाळी घेऊन रोग्यावर उपचार करीत असे. त्याची रीत पाहून एस्डेल यांनी ओळखले की, आपण नवी म्हणून जी विद्या आणली, ती या देशात फार पूर्वीपासून झाडफुकीच्या रूपाने नांदत आहे. साहेबी टोपी घातलेल्या त्या काळच्या डॉक्टरने हे मान्य करणे, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र या साम्याचा दुसरा अर्थ त्यांच्या मनाला शिवला नाही. दोघांचा गुण एकच असेल, तर तो हातातून वाहणाऱ्या द्रवाचा नसून रोग्याच्या मनाचा असू शकेल, हा तो अर्थ. आपली शक्ती शारीरिकच आहे, असे ते अखेरपर्यंत मानत राहिले. एका आंधळ्या माणसाला दुरून, त्याला न कळू देता आपण निजवले, असा दाखला ते देत. पाण्यातही ही शक्ती भरता येते, असे त्यांचे म्हणणे होते.

१८४६ साली एस्डेल यांनी सरकारला विनंती केली की, माझ्या पद्धतीची परीक्षा घ्या. त्यांच्या चरित्रातील हा सर्वांत मोठा गुण म्हणावा लागेल. गुप्त विद्या म्हणून ती त्यांनी झाकून ठेवली नाही. बंगाल सरकारने समिती नेमली. तिच्यात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांच्यासारखे चिकित्सक वृत्तीचे गृहस्थ होते. गांजाच्या औषधी गुणांचा अभ्यास आणि हिंदुस्थानात तारायंत्राची उभारणी, ही दोन्ही कामे याच गृहस्थांच्या नावावर आहेत. समितीसमोर रोगी आणले गेले. काही रोग्यांवर दिवसामागून दिवस प्रयत्न करूनही झोप लागली नाही. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर व हातापायांच्या हालचालींत वेदनेची लक्षणे दिसली. पण जागे झाल्यावर आपल्याला काही दुखल्याचे त्यांनी सांगितले नाही. समितीने हे सर्व जसेच्या तसे नोंदवले आणि अधिक अनुभवासाठी एस्डेल यांना कलकत्त्यात एक वर्षासाठी प्रायोगिक रुग्णालय द्यावे, अशी अनुकूल शिफारस केली. त्याप्रमाणे नोव्हेंबर १८४६ मध्ये ते रुग्णालय सुरू झाले.

पण काळाची चाल विचित्र असते. त्याच्या अवघ्या काही आठवडे आधी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, अमेरिकेतील बॉस्टन शहरात विल्यम मॉर्टन यांनी ईथरची वाफ हुंगवून एका रोग्यावर वेदनारहित शस्त्रक्रिया घडवून आणली होती. ही बातमी बोटीने हिंदुस्थानात पोचायला वेळ लागला. २२ मार्च १८४७ रोजी कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात ईथरचा वापर झाला, तो त्याच ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणले आणि १८४८ च्या प्रारंभी तेही कलकत्त्यात आले. दहा दिवस हात फिरवण्यापेक्षा रुमालावर चार थेंब टाकणे सोपे होते. शिवाय ते श्रद्धावान, संशयी, हिंदू, ख्रिस्ती, सर्वांवर सारखेच चालत होते.

प्रायोगिक रुग्णालयाची मुदत संपली आणि ते बंद झाले. लॉर्ड डलहौसी यांनी एस्डेल यांच्या कामाची कदर करून त्यांना १८४८ साली कलकत्त्यात मोठे पद दिले; परंतु सरकारी रुग्णालय पुन्हा मिळाले नाही. तेव्हा नागरिकांनी वर्गणी गोळा करून सप्टेंबर १८४८ मध्ये त्यांच्यासाठी नवे रुग्णालय काढले. तेही फार काळ टिकले नाही. हत्तीरोगाच्या १६१ गाठी आपण काढल्या आणि त्यांत शेकडा ५ रोगीच दगावले, पूर्वी हे प्रमाण कित्येक पटींनी अधिक होते, असा एस्डेल यांचा हिशेब होता. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण आज आपण विचारू की, ज्यांना झोप लागली नाही, त्यांचे काय झाले? झोपवलेले आणि न झोपवलेले रोगी सारख्याच प्रकृतीचे होते काय? या प्रश्नांना त्या हिशेबात उत्तर नाही. परीक्षा मागण्याचे धैर्य एस्डेल यांच्याजवळ होते. तुलनेची शिस्त मात्र त्या काळच्या वैद्यकातच रुजली नव्हती.

हे सर्व चालू असताना आपल्या मुंबईत काय घडत होते? ज्या १८४५ साली हुगळीला माधव कौरा झोपी गेला, त्याच वर्षी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. तेथून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांनीही पुढे एक औषध करून पाहिले. महारोगावर कडू कवठाच्या तेलाचा उपचार करून त्यांनी नाव मिळवले. परंतु बराच काळ ते औषध त्यांनी गुप्त ठेवले आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. भाऊ दाजींची विद्वत्ता आणि दानत यांविषयी शंका नाही. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली त्यांचे नाव मिळाले, ते योग्यच झाले. पण त्यांच्या औषधात सत्त्व असून ते झाकले गेले, आणि एस्डेल यांनी आपली पद्धत उघड्यावर मांडली पण तिचे स्पष्टीकरण चुकीचे निघाले. सत्याला दोन्ही गोष्टी लागतात: औषध उघडे हवे आणि परीक्षा कठोर हवी.

जून १८५१ मध्ये एस्डेल यांनी हिंदुस्थान सोडला. स्कॉटलंडला पर्थ येथे त्यांनी आपली पद्धत चालवून पाहिली, पण हुगळीचे यश तेथे आले नाही. अमेरिकेत वेदनानाशनाचा पहिला शोधक म्हणून ईथरवाल्यांना मोठे बक्षीस देण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा त्यांनी आक्षेप घेतला. आपण ईथरच्या आधीच हे साधले होते, असे त्यांचे म्हणणे होते. ते खोटे नव्हते, परंतु ऐकायला कोणी उरले नव्हते. १० जानेवारी १८५९ रोजी लंडनजवळ सिडनम येथे वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मग त्यांच्या कामातले आज काय उरले? मँचेस्टरचे डॉ. जेम्स ब्रेड यांनी १८४३ सालीच दाखवून दिले होते की, या झोपेला कोणत्याही द्रवाची गरज नाही. मन एकाग्र करण्याने ती येते. त्या अवस्थेलाच आपण आज संमोहन म्हणतो आणि काही रोग्यांची वेदना कमी करण्यासाठी औषधांच्या जोडीला ते अजूनही वापरले जाते. १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रोग्यांवर अमेरिकेत एक प्रयोग झाला. औषध म्हणून नुसते निरुपद्रवी पाणी टोचले तरी काहींचे दुखणे कमी होत होते. पण अफूच्या परिणामाला मारक असे नॅलॉक्सोन दिल्यावर तो आराम नाहीसा झाला. म्हणजे विश्वासाने मिळणारा आराम हे ढोंग नव्हे. शरीर स्वतःच आपले वेदनाशामक तयार करते. लंडनच्या डॉक्टरांनी ज्या मजुराला लबाड म्हटले, त्याला हा न्याय फार उशिरा मिळाला.

आणि लोहचुंबकाचे काय? त्याचीही परीक्षा झाली आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, कोलंबिया देशातील एका प्रयोगात शस्त्रक्रियेनंतर वेदना होत असलेले १६५ रोगी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. ८१ जणांच्या जखमेवर दोन तास खरे चुंबक ठेवले आणि ८४ जणांच्या जखमेवर हुबेहूब तसेच दिसणारे खोटे. कोणाला काय मिळाले, हे रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. दोन्ही गटांच्या वेदनेत फरक पडला नाही. खऱ्या चुंबकाने मॉर्फिनची गरजही कमी झाली नाही. बागेतील त्या भलत्या झाडाखाली पडलेल्या मुलाचीच ही सुधारलेली आवृत्ती होय.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. टेस्ट ट्यूब आणि सूक्ष्मदर्शक यांच्याशी आपला संबंध क्वचितच येतो. तरीही एस्डेल यांचे जीवन आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्याचे दुखणे पाहून ज्याला स्वस्थ बसवत नाही, तो माणूस आधी. मग त्याचे शास्त्र. एस्डेल यांची करुणा खरी होती, निरीक्षण खरे होते, रोग्यांना मिळालेला आरामही पुष्कळसा खरा होता. चुकले ते फक्त कारण. आजारी माणसाच्या उशाशी जेव्हा कोणी नवा उपाय घेऊन येईल, तेव्हा त्याच्या भावनेचा आपण आदर करावा आणि त्याच वेळी त्याला नम्रपणे विचारावे की, या उपायासारखाच दिसणारा खोटा उपाय शेजारी ठेवून कोणी पाहिले आहे काय? एस्डेल आज असते, तर हा प्रश्न ऐकून ते रागावले नसते. त्यांनी स्वतःच सरकारकडे परीक्षकांची मागणी केली होती, हे विसरता येत नाही.